झिजेची किंमत

गेल्या जानेवारीत, अमरतिथीच्या गर्दीच्या दिवसांत, पुतण्याचा पुण्याहून फोन आला. भिंगारचे आमचे जुने घर विकून त्याच्या वाट्याला जे पैसे आले होते त्यांतून त्याला एक इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती. विक्रेता परदेशातला. वाहतूक, आयातशुल्क, कर असे सगळे धरून हिशेब सात लाखांच्या पुढे जात होता. "काका, तुम्ही एवढं सगळं शोधत असता, हेही शोधा. घेऊ की नको, एवढंच सांगा," असे तो म्हणाला. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या वहिनींना, हे अजून सांगितलेले नव्हते, हे त्याच्या आवाजावरूनच कळले.

मी भिंगारला मोटर रिवाइंडिंगचे दुकान चालवतो. पाण्याच्या मोटारी, पंखे, पिठाच्या गिरणीच्या मोटारी. उरलेल्या वेळात नगरच्या इतिहासावर वाचतो आणि लिहितो. ते कोणी शिकवले नाही, ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजवून आले तेवढे आले. निजामशाहीतले खापरी नळ, कॅम्पातली जुनी थडगी हे माझे विषय. गिटार हा माझा विषय नव्हे. पण ही गिटार साधी नव्हती. गिब्सन या अमेरिकी कंपनीने २००० साली पीट टाउनशेंड या इंग्रज वादकाच्या नावाने २५० गिटारी काढल्या होत्या, त्यांतली ती एक. आणि टाउनशेंड हा माणूस आमच्याकडे परका नाही.

भिंगारहून कॅम्प ओलांडून दौंड रस्त्याला लागले की थोड्याच वेळात अरणगाव येते. पहिल्या महायुद्धात तिथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. १९२३ साली मेहेरबाबा तिथे आले आणि त्या जागेचे मेहेराबाद झाले. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. त्यांची समाधी तिथल्या टेकडीवर आहे. 'द हू' या वाद्यवृंदाचा गिटारवादक टाउनशेंड १९६७ च्या सुमारास लंडनमध्ये बाबांच्या विचारांकडे वळला. १९६९ च्या 'टॉमी' या ध्वनिमुद्रिकेवर त्याने बाबांचे नाव घातले. १९७१ मध्ये 'बाबा ओ'रायली' आले. त्यातले 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा आणि 'रायली' म्हणजे टेरी रायली हा अमेरिकी संगीतकार. जगभरच्या मैदानांत आणि मोटारींच्या टेपवर वाजलेल्या त्या गाण्याच्या नावातला अर्धा भाग आमच्या अरणगावचा आहे, हे नगरमध्ये फारसे कोणाला ठाऊक नाही. १९७२ मध्ये तो स्वतः समाधीच्या दर्शनाला येऊन गेला.

दादाला मात्र ठाऊक होते. माझा थोरला भाऊ शाळेत असताना अमरतिथीला नगर स्टेशनवर परदेशी पाहुण्यांचे सामान उचलून चार पैसे मिळवायचा. एका वर्षी कोणा पाहुण्याने त्याला पैशांबरोबर एक कॅसेट दिली. ती टाउनशेंडची 'हू केम फर्स्ट'. त्यात बाबांच्या प्रार्थनेवरचे 'परवरदिगार' आहे. दादाला इंग्रजी कळत नव्हते, बाबांचा तो भक्तही नव्हता, पण ती कॅसेट त्याने टेप तुटेपर्यंत ऐकली. पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर त्याने एक स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि तीन-चार सूर शिकून ठेवून दिली. २०२१ च्या मे महिन्यात दादा गेला. पुतण्या हिंजवडीला नोकरी करतो, शनिवार-रविवार मित्रांबरोबर वाजवतो. त्यामुळे 'घेऊ की नको' या प्रश्नात सात लाखांखेरीज आणखी काही होते. ते मला पहिल्याच दिवशी दिसले आणि ते बाजूला ठेवून शोध घ्यायचा असे मी ठरवले. शेवटी ते बाजूला राहिले नाही.

थोर वादकांच्या गिटारींच्या महागड्या प्रतिकृती हा प्रकार तसा अलीकडचा. १९९५ च्या सुमारास फेंडर कंपनीने 'रेलिक' नावाच्या गिटारी बाजारात आणल्या. कोरी गिटार तयार करायची आणि मग ती तीस-चाळीस वर्षे वापरल्यासारखी दिसेल अशी खराब करायची. रंग घासून लाकूड उघडे करायचे, लाखेसारख्या लेपाला बारीक तडे पाडायचे, स्क्रूंवर गंज आणायचा, मागच्या बाजूला पट्ट्याच्या बक्कलने पडतात तसे ओरखडे पाडायचे. आमच्या धंद्यात जुन्या मोटारीला नवा रंग मारून विकणाऱ्याला लबाड म्हणतात. नवीला जुनी करून जास्त भावाने विकणारा मी या शोधात पहिल्यांदा पाहिला, आणि तो लबाडही नव्हता. सगळे सांगून-सवरून, प्रमाणपत्र देऊन चालते.

पुढची पायरी म्हणजे एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट गिटारीची प्रत. यातले सर्वांत गाजलेले उदाहरण एरिक क्लॅप्टनच्या 'ब्लॅकी'चे. तिची जन्मकथा वाचून मला आमच्या भंगारबाजाराची आठवण झाली. १९७० साली क्लॅप्टनने अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर उचलल्या, एकेक शंभर डॉलरच्या आसपास. तेव्हा त्या कोणाला नको होत्या. तीन मित्रांना दिल्या: जॉर्ज हॅरिसनला एक, स्टीव्ह विनवूडला एक आणि टाउनशेंडला एक. उरलेल्या तिन्हींचे चांगले भाग काढून त्याने एक जोडली. तीच ब्लॅकी. १३ जानेवारी १९७३ रोजी लंडनच्या रेनबो थिएटरात ती प्रथम लोकांसमोर वाजली. ती मैफल हेरॉइनच्या विळख्यात घरात बसून राहिलेल्या क्लॅप्टनला बाहेर काढण्यासाठी टाउनशेंडनेच जमवली होती.

त्यानंतर बारा-तेरा वर्षे ब्लॅकी त्याच्या हातात होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्याने ती बाजूला ठेवली, आणि का ठेवली हे महत्त्वाचे आहे. तिचा दांडा, ज्याला वाजवणारे नेक म्हणतात, बोटांनी इतका झिजला होता की तारा कडेवरून घसरायच्या बेताला आल्या होत्या. म्हणजे झिजेमुळे ती निकामी होत चालली होती. २००४ मध्ये ख्रिस्टीज या लिलावघराने ती विकली, ९,५९,५०० डॉलरना. पैसे क्लॅप्टनने अँटिग्वा बेटावर काढलेल्या व्यसनमुक्ती केंद्राला गेले. घेणारी होती वाद्यविक्रीची एक मोठी अमेरिकी कंपनी. तिने ब्लॅकी फेंडरच्या कारागिरांपुढे ठेवली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये २७५ प्रती बाजारात आल्या, किंमत प्रत्येकी २४,००० डॉलर. त्या वेळच्या दराने दहा लाखांच्या वर. प्रत्येक ओरखडा, तारांच्या टोकाला अडकवून ठेवलेल्या सिगारेटने पडलेला डाग, झिजलेला नेक, सगळे उतरवलेले. त्या एका दिवसात संपल्या.

क्लॅप्टनने ज्या झिजेला कंटाळून गिटार ठेवून दिली, त्या झिजेचे गिऱ्हाइकाने दहा लाख मोजले. याच गोष्टीची दुसरी बाजू मला जास्त शिकवून गेली. ब्लॅकी ठेवून दिल्यावर क्लॅप्टनला रोजच्या वाजवण्यासाठी नवी गिटार हवी होती. फेंडरने ब्लॅकीच्या नेकचा आकार घेऊन त्याच्यासाठी नवी घडवली आणि १९८८ मध्ये तीच 'क्लॅप्टन मॉडेल' म्हणून सर्वांना विकायला काढली. तीत एकही ओरखडा नव्हता. पिकअप वेगळे, आतले सर्किट वेगळे. क्लॅप्टनला जे हवे होते ते घेतले आणि जे त्रासाचे होते ते टाकले. प्रत दोन्हीकडे ब्लॅकीचीच, पण पहिली हाताच्या सवयीची आणि दुसरी जखमांची.

आता आवाजाकडे येतो, कारण घेणारा शेवटी 'त्या आवाजासाठी' असे म्हणतो. इथे माझा धंदा उपयोगी पडला. इलेक्ट्रिक गिटारीचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची इनॅमल तार. लोखंडी तार त्यावर थरथरली की कॉईलमध्ये बारीकसा प्रवाह निर्माण होतो, तो ॲम्प्लिफायरकडे जातो. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. टाउनशेंडच्या एसजी गिटारीत पी-९० नावाचे पिकअप होते, त्यात दहा हजारांच्या आसपास. तारेची जाडी सुमारे ०.०६ मिलिमीटर, म्हणजे केसाएवढी. जुन्या काळी यंत्र फिरवणारी बाई किंवा माणूस तार हाताने सरकवायचा. त्यामुळे एका दिवशी भरलेले दोन पिकअपही सारखे नसत. ताण कमी-जास्त, वेढे शेदोनशे इकडे-तिकडे. मला यात नवल वाटले नाही. एकाच मापाच्या दोन मोटारी मी एका दिवशी भरतो तेव्हा दोन्हींचा आवाज सारखा येत नाही.

दादाच्या गिटारीचा एक पिकअप मेलेला होता. पुतण्याने तो मला आणून दिला. कॉईल तुटली होती. मी बारीक तार मिळवून, शिलाई मशीनच्या मोटारीवर बॉबीन बसवून, तिसऱ्या प्रयत्नात तो भरला. पहिल्या दोन वेळा तार तुटली. पुतण्याने वाजवून पाहिला आणि म्हणाला, "आधीपेक्षा जाड येतोय, पण बरा आहे." दोन-तीनशे रुपयांच्या तारेत आवाज बदलता येतो एवढे मला कळले. पण हेही खरे की दहा हजार वेढ्यांची नेमकी तीच मांडणी सात लाख दिले तरी कोणी परत देऊ शकत नाही. जवळपास देऊ शकतो.

आणि 'जवळपास' ओळखायला कान तरी किती पुरतात? व्हायोलिनवर याचे प्रयोग झाले आहेत. क्लॉडिया फ्रिट्झ या फ्रेंच संशोधक बाईंनी २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला २१ व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांना काळे चष्मे लावून त्यांना सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी इटालियन, त्यांत दोन स्ट्राडिव्हरियसची. बहुतेकांना जुने कोणते हे सांगता आले नाही, आणि घरी न्यायला आवडेल असे म्हणून अधिक जणांनी नवीच निवडली. पुढे पॅरिसजवळ दहा नामवंत एकलवादकांवर पुन्हा प्रयोग केला, निकाल तसाच. व्हायोलिनमध्ये तर लाकूडच बोलते. इलेक्ट्रिक गिटारीत लाकडाच्या पुढे पिकअप, केबल, ॲम्प्लिफायर, स्पीकर अशी रांग असते आणि सर्वांच्या आधी उजवा हात असतो. टाउनशेंडचा हात पवनचक्कीसारखा गोल फिरून तारांवर आदळायचा. तो हात विकायला नाही.

मार्चमध्ये मी महाराष्ट्र एक्स्प्रेसने मिरजेला गेलो. गिटारीसाठी मिरज, हे ऐकून वहिनीसुद्धा हसल्या (तोवर त्यांना कळले होते). पण नामवंत वादकाच्या वाद्यासारखे वाद्य मागणारी गिऱ्हाइके पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली माणसे आपल्याकडे कुठे असतील तर सतारमेकर गल्लीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तलवारी-भाल्यांची मागणी ओसरली आणि धार लावणारे शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब शिकलगारांचे नाव त्यात पहिले घेतात. पंढरपूर भागातले भोपळे, तुणीचे लाकूड आणि गवयांचा शेजार. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले, मिरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

एका कारागिराच्या दुकानात दुपारभर बसलो. 'विलायतखानी' सतार आजही मागितली जाते. विलायत खाँसाहेबांनी गायकी अंगासाठी सतारीत बदल केले, खर्जाच्या तारा काढल्या, मिंडेचा ताण सोसेल अशी बांधणी करून घेतली. दुसरीकडे रविशंकरांची खर्ज-पंचम सतार, वर दुसरा भोपळा असलेली. दोन्ही घाट वादकांच्या नावाने ओळखले जातात. नावाचे पैसे कोणी मागत नाही, प्रमाणपत्र कोणी देत नाही. मी विचारले, "खाँसाहेबांच्या सतारीवर जे घासल्याचे डाग होते, ते करून मागतं का कोणी?" त्यांना प्रश्न कळायलाच वेळ लागला. मग हातातली घोडी पुढे करून म्हणाले, "झीज आम्ही काढतो, घालत नाही." तंबोऱ्याच्या घोडीवर तार घासून खाचा पडतात आणि जवारी जाते. कारागीर कानसने ती घोडी पुन्हा सपाट करतो, तेव्हा तंबोरा बोलू लागतो. त्यांच्या लेखी झीज हा दुरुस्तीचा विषय आहे.

इथवर माझे मत पक्के झाले होते: घेऊ नको. ते मी एप्रिलमध्ये पुतण्याला सांगितलेही. तो म्हणाला, "काका, मग पालखीत पादुका का ठेवतात? त्या घालून कोण चालतं?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. वस्तूची उपयुक्तता संपल्यावर तिची खरी किंमत सुरू होते, हे भिंगारच्या माणसाने नाकारू नये. आमच्या भिंगारलाच १७०७ मध्ये औरंगजेब मेला. त्याची कबर खुलताबादला आहे, पण इथल्या जागेलाही आलमगीर असे नाव मिळून बसले आहे, जिथे तो नाही तिथेही. मेहेराबादला बाबांचे वापरातले कपडे, चपला जपून ठेवल्या आहेत. मी त्या पुतण्याबरोबर मे महिन्यात पुन्हा जाऊन पाहिल्या. मी भक्त नाही, तरी ते पाहताना आवाज आपोआप खाली येतो. पण तिथे जे झिजले आहे ते त्याच पायांनी झिजले आहे. चपलेच्या २५० प्रती, झिजवून, क्रमांक घालून कोणी विकायला ठेवल्या असत्या तर? "पादुकाही चांदीच्या नव्या करतातच की," पुतण्या म्हणाला. बरोबर आहे. पण त्या नव्या दिसतात. त्यांवर खोटी झीज कोणी करत नाही. लोकांच्या डोक्यांनी आणि हातांनी त्या पुढे झिजतात.

टेकडी उतरताना मला मूळ मुद्दा सापडला, जो मी तीन महिने ब्लॅकीच्या मागे लागून चुकवत होतो. ब्लॅकी एक होती. टाउनशेंडची मूळ गिटार कोणती?

सप्टेंबर १९६४ मध्ये लंडनच्या हॅरो भागातल्या रेल्वे हॉटेलात वाजवताना त्याच्या गिटारीचे टोक ठेंगण्या छताला लागून मोडले. लोक हसले, तेव्हा त्याने ती पुरतीच फोडली. कलाशाळेत असताना त्याने गुस्टाव्ह मेट्झगर या कलावंताचे 'स्वतःला नष्ट करणारी कला' या विषयावरचे व्याख्यान ऐकले होते, त्याशी पुढे त्याने हे जोडले. पुढची काही वर्षे गिटार फोडणे हा कार्यक्रमाचाच भाग झाला. मोडलेल्या पुन्हा सरसाने जोडायच्या आणि पुन्हा वाजवायच्या. एसजी त्याने वापरली ती १९६९ चे वुडस्टॉक आणि १४ फेब्रुवारी १९७० ची लीड्सची मैफल या काळात. त्या दुकानातून आणलेल्या साध्या एसजी होत्या, एकामागून एक. १९७१ च्या सुमारास गिब्सनने त्यांचा घाट बदलला आणि जुन्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा तो लेस पॉल डीलक्सकडे वळला. त्यांवर त्याने १ ते ९ असे ठसठशीत आकडे चिकटवले, कोणत्या गाण्याला कोणती द्यायची हे मदतनिसाला अंधारात कळावे म्हणून. आम्ही दुरुस्तीला आलेल्या मोटारींवर खडूने आकडे टाकतो तसे. गिब्सनने पुढे १, ३ आणि ९ या आकड्यांच्याही प्रती आकड्यांसकट विकल्या.

म्हणजे पुतण्या ज्या गिटारीची प्रत सात लाखांना घेऊ पाहत होता, ती मुळात कारखान्यातली इतर एसजींसारखीच एक होती. टाउनशेंडने तिच्यात जीव गुंतवला नाही. नाव छापलेली २५० मधली एक आणि नाव नसलेली साधी एसजी, दोन पी-९० पिकअपांची, यांतल्या टाउनशेंडच्या जास्त जवळची कोणती म्हणाल तर दुसरी. ती आजही मिळते, सातातल्या दोन लाखांच्या आत बसते. तिच्या तारांखालची पट्टी शिसवीची असते आणि फेंडर-गिब्सनवाले ते लाकूड कित्येक वर्षे भारतातूनच नेतात, हेही जाता जाता सांगून टाकतो.

गुंतवणुकीचा मुद्दा पुतण्याच्या एका मित्राने काढला होता. डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ च्या लिलावात ३९,७५,००० डॉलरना गेली, मग प्रतीचीही किंमत वाढेलच, असा त्याचा हिशेब. ती रक्कम गिलमोरच्या हाताची आहे. फेंडरने तिची प्रत २००८ मध्येच काढली होती आणि लिलावाच्या रकमेतला एक डॉलरही प्रतीच्या मालकाकडे आलेला नाही. ज्याला पैसे वाढवायचे आहेत त्याने गिटारीच्या नादी लागू नये.

तरी एक बाजू माझ्या हिशेबात बसत नाही, ती लिहून ठेवतो. दादाने ती कॅसेट ऐकली ती तरी काय होती? मुळात टाउनशेंडने बाबांच्या जयंतीसाठी थोड्या ध्वनिमुद्रिका खाजगीत काढल्या होत्या. त्यांच्या चोरट्या प्रती निघू लागल्या, म्हणून १९७२ मध्ये त्याने अधिकृत 'हू केम फर्स्ट' काढली. तिची कॅसेट, कोणा अनोळखी पाहुण्याच्या पिशवीतून नगर स्टेशनावर आमच्याकडे आली. प्रतीची प्रतच. दादाला तिने पुरे पडले. तेव्हा प्रत म्हणजे हलके, असे मी या घरात बसून म्हणू शकत नाही. म्हणू शकतो ते एवढेच, की त्या कॅसेटवरची झीज दादाने स्वतः केली होती.

विक्रेत्याने दिलेली मुदत जूनमध्ये संपली. पुतण्याने ती आणखी महिनाभर वाढवून घेतली असे वहिनींकडून कळले. हा लेख मी त्याला आधी वाचायला दिला. त्याने दोन चुका दाखवल्या, एक पिकअपच्या वेढ्यांची आणि एक लीड्सच्या मैफलीच्या तारखेची. दोन्ही दुरुस्त केल्या आहेत. गिटारीबद्दल तो काही बोलला नाही. दादाच्या गिटारीचा दुसरा पिकअपही आता आवाज तोडतोय, तो दिवाळीला घेऊन येतो, असे म्हणाला.